कारकुनाचे मेस्तक आणि यंत्राचे कवच

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हा एके काळी देवगिरीच्या यादवांचा मुलूख. त्यांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावे परंपरेने 'मेस्तक' सांगितले जाते. कोणास कोणता मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा, याचे ते कारकुनासाठीचे नियम. रोजचे तेच काम पुन्हापुन्हा करावयाचे तर त्याची रीत एकदा लिहून ठेवावी, ही त्यामागील गरज. संगणकाच्या कारभारात हीच गरज 'शेल स्क्रिप्ट'च्या रूपाने पुन्हा उभी राहिली. भेद इतकाच, की मेस्तक वाचून कारकून काम करी. येथे लिहिलेला मजकूरच कामाला लागतो.

या लेखनप्रकाराचा आरंभ १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत झाला. लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने 'रनकॉम' नावाचा प्रोग्राम लिहिला. एकेक आज्ञा दरवेळी टंकण्याऐवजी आज्ञांची यादी फाइलीत ठेवायची आणि यंत्राने ती क्रमाने पार पाडायची, अशी त्याची योजना होती. 'शेल', म्हणजे कवच, हे नावही त्याचेच. १९७१ मध्ये केन थॉम्पसनने युनिक्ससाठी शेल लिहिले. त्यात 'जर-तर' म्हणण्याची सोयही शेलच्या आत नव्हती. त्यासाठी वेगळा प्रोग्राम बोलवावा लागे. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉयच्या आग्रहावरून 'पाइप' आला आणि एका आज्ञेचे उत्पादित दुसरीच्या हाती देता येऊ लागले. भाषेच्या विद्यार्थ्याला यात वाक्यरचनेचा जन्म दिसावा: तोवर सुटे शब्द होते, आता अन्वय आला.

१९७९ मध्ये प्रसृत झालेले स्टीफन बोर्नचे शेल तर व्याकरणप्रेमींनी आवर्जून पाहावे. अल्गोल ६८ या भाषेच्या प्रभावामुळे त्याने 'इफ'चे वाक्य त्याच शब्दाची अक्षरे उलटवून, 'फि'ने संपवले, 'केस'चे 'एसॅक'ने. 'डू' मात्र उलटवता आला नाही, कारण 'ओडी' नावाची आज्ञा आधीच अस्तित्वात होती. म्हणून तेथे 'डन' आला. जुन्या शब्दाने अडवलेली वाट आणि त्यातून निघालेला अपवाद! मराठीचे शुद्धलेखन शिकवणाऱ्याला हे अगदी घरचे वाटते. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले. मराठीत तसे सहज हाती लागत नाही.

शेल स्क्रिप्टमध्ये हॅश चिन्हापुढचा मजकूर यंत्र वाचत नाही. तो केवळ मागून येणाऱ्या माणसासाठी असतो, आणि नेमका तोच बहुधा लिहिला जात नाही. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात रोज रात्री निकालपत्रांची प्रत काढणारी अशी एक स्क्रिप्ट मी पाहिली आहे. लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला. मधल्या एका ओळीत दोन फाइली वगळल्या होत्या. का, ते कोणालाच सांगता येईना, आणि ती ओळ काढण्याचे धाडसही कोणी करीना. मी तेथून निघालो तेव्हा लिपिकबाई त्या दोन फाइलींची प्रत हाताने काढीत होत्या.