दिनविशेष : २० एप्रिल

१६७५ : कोचीन येथे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींविषयी दिलेली साक्ष लेखी नोंदवली गेली. त्याच तारखेला इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचीही साक्ष झाली. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने दोन्ही साक्षी मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापल्या. कोकणी साक्ष तर थेट नागरी अक्षरांत!

आम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान निघालेल्या या १२ खंडांतल्या चित्रांत पान, फूल, फळ बारकाईने कोरले असून कडेला रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरीत नावे आहेत. पहिलेच झाड नारळाचे, 'तेंगा'. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना ही चित्रे प्रमाण मानली. कित्येक जातींच्या नावाला आधार ठरेल असा वाळवलेला मूळ नमुना आज कुठेच नाही. तिथे चित्र हाच नमुना. नारळाच्या शास्त्रीय नावाचा आधारही हीच चित्रे आहेत.

ग्रंथावर नाव ऱ्हीडचे असले, तरी त्यातले औषधी ज्ञान मुख्यतः या चौघांचे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्य वेचून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजी आणि मल्याळममध्ये आणला. कोकणी वैद्यांचा हा वारसा मराठीतही यायला हवा.