चीन शिकवणारे आपले मास्तर

आम्ही म्हसावदच्या गटातल्या बाया बोलतोय. गेल्या बैठकीत गटातल्या एकीच्या मुलीने विचारले, "चीन हा पण कॉलेजात शिकवायचा विषय असतो का? त्याचा पगार मिळतो?" आम्ही हसलो. मग शोध घेतला, तेव्हा कळले की आपल्या मराठी माणसांनी हे काम जन्मभर केले आहे. ते आज सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट ऐका. सातव्या शतकात ह्युएन त्सांग नावाचा चिनी भिक्खू बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आला. महाराष्ट्रात तेव्हा पुलकेशी राजा होता. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने लिहिले. पुढे लिहिले, की लढाई हरलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, त्याला बाईचे कपडे देतात. त्या लाजेने तो जीव देतो. इथून तो भिक्खू नर्मदा ओलांडून भडोचला गेला.

"बांगड्या भर" हा टोमणा आपण आजही ऐकतो. बाईचा पोशाख म्हणजे पुरुषाची नाचक्की, ही समजूत चौदाशे वर्षांपूर्वीही होती. त्याची नोंद आपल्याला मिळाली ती चिनी भाषेतून. म्हणजे चिनी शिकणाऱ्याला चीन तर कळतोच, शिवाय आपले घरही दिसते.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पुरुषोत्तम विश्वनाथ बापट नावाचे प्राध्यापक होते. पाली भाषेचे जाणकार. 'विमुत्तिमग्ग' हा बौद्ध ग्रंथ मूळ पालीत हरवला, पण त्याचे चिनी भाषांतर टिकले होते. बापटांनी ते वाचले, पालीतल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाशी ताडून पाहिले आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक काढले. आपली हरवलेली ठेव शेजाऱ्याच्या कणगीत सापडावी, तसे झाले.

दुसरे गोविंद पुरुषोत्तम देशपांडे. जन्म १९३८ चा, बालपण साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. दोन्ही देशांत पुन्हा राजदूत नेमले गेले ते थेट १९७६ मध्ये. अशा काळात चीनचे नाव काढले तरी लोक संशयाने बघायचे. पण ज्याच्याशी भांडण झाले, त्याला तर नीट ओळखायलाच हवे ना? बांधावरून वाद झाला, तर समोरचा काय बोलतो, काय लिहितो, हे आपण दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकणार? देशपांड्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वर्षानुवर्षे चीनचे राजकारण शिकवले, त्यावर लिहिले.

हेच देशपांडे मराठीचे मोठे नाटककार. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' त्यांचे. जोतिबा आणि सावित्रीबाईंवरचे 'सत्यशोधक' हे नाटकही त्यांचेच. पुण्यात ते महापालिकेच्या सफाई कामगारांनी रंगमंचावर केले. दिवसा झाडू धरणारे हात संध्याकाळी जोतिबांची गोष्ट सांगत होते. चीन शिकवणाऱ्या मास्तरांनी आपली माती सोडली नव्हती, हे यातून दिसते. २०१३ मध्ये ते गेले.

काम सोपे नाही. आपली बाराखडी महिन्या-दोन महिन्यांत येते. चिनी वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार चिन्हे पाठ लागतात. त्यात एकच उच्चार, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. रोज गिरवावे लागते, नाहीतर हातातून जाते. म्हातारपणी सही शिकलेल्या आमच्या बायांना यातले कष्ट कळतील.

आता आपल्या मुलींकडे बघा. म्हसावदच्या बाजारात पावरी, भिल्ली, अहिराणी, गुजरी कानावर पडते. घरी एक बोली, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. दहा वर्षांची पोर तीन भाषांत भाव करते आणि आपण म्हणतो, हिला काय येते! भाषा शिकायची सवय तिच्या अंगात आधीच आहे. ती विद्यापीठापर्यंत पोचेल की नाही, हे दहावीनंतर आपण तिला घरी बसवतो की पुढे पाठवतो, यावर आहे.

बैठकीतल्या त्या पोरीला आमचे उत्तर एवढेच: हो बाई, असतो असा विषय. पगारही मिळतो. तू शीक. पुढच्या बैठकीत तुझ्या आईशी आम्ही बोलतो.