ब्रेक्झिट आणि प्रादेशिक विकासनिधी

युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल ब्रिटनच्या मतदारांनी २३ जून २०१६ च्या सार्वमतात दिला. बाजूने ५१.९ टक्के आणि विरोधात ४८.१ टक्के मते पडली. त्यानंतर ब्रिटन संघाबाहेर पडेपर्यंत, म्हणजे ३१ जानेवारी २०२० पर्यंत, संघाच्या पैशावर चाललेल्या मागास प्रदेशांतील कामांचे पुढे काय होणार याचे ठाम उत्तर कोणाकडेच नव्हते. या अनिश्चिततेचे परिणाम आणखी काही वर्षे उमटत राहिले. या नोंदीत मुख्यतः वेल्स आणि कॉर्नवॉल या दोन प्रदेशांचा अनुभव घेतला आहे. ब्रिटनमधील चर्चा बहुतेक ‘किती पैसे गेले आणि किती परत मिळाले’ याच मुद्द्याभोवती फिरली. रकमेचा प्रश्न खरा आहे, पण तो दुय्यम आहे. या प्रदेशांनी मुख्यतः गमावली ती मुदतीची शाश्वती. सात वर्षांसाठी नियमाने ठरलेला हक्काचा वाटा गेला, आणि दर अर्थसंकल्पात नव्याने मागावी लागणारी मदत त्याच्या जागी आली.

हा वाटा हक्काचा कसा झाला, त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्रिटन १९७३ मध्ये तत्कालीन युरोपीय समुदायात गेले. समुदायाच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग शेतीवर खर्च होई आणि ब्रिटनची शेती तुलनेने लहान. त्यामुळे उद्योग खालावलेल्या प्रदेशांसाठी वेगळा निधी असावा, असा ब्रिटनचाच आग्रह होता. प्रादेशिक धोरणाचे आयुक्त जॉर्ज थॉमसन हेही ब्रिटिशच होते. १९७५ मध्ये युरोपीय प्रादेशिक विकास निधी सुरू झाला तेव्हा इटलीच्या खालोखाल वाटा ब्रिटनला मिळाला. १९८८ च्या सुधारणांनी या निधीला आजचे रूप दिले. कामांचे नियोजन अनेक वर्षांचे असावे, स्थानिक संस्थांना त्यात सहभाग मिळावा, आणि युरोपचा पैसा राष्ट्रीय खर्चात भर म्हणून यावा, त्याला पर्याय म्हणून नव्हे, ही तत्त्वे तेव्हा पक्की झाली. तिसरे तत्त्व कागदावरच राहिले नाही. कोळसा खाणी बंद पडलेल्या भागांसाठीचा पैसा लंडनचे अर्थखाते स्वतःच्या खर्चात जिरवते आहे, असे दिसताच आयुक्त ब्रूस मिलन यांनी ब्रिटनचा हप्ता अडवून धरला. अखेर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारला हिशेबाची पद्धत बदलावी लागली. मिलन स्वतः स्कॉटलंडचे माजी मंत्री होते. वेल्समध्ये तर या निधीमुळे सरकारचा प्रमुख बदलला. युरोपच्या पैशासोबत जो स्वतःचा हिस्सा घालावा लागतो त्याची लंडनकडून हमी मिळवता आली नाही, म्हणून फेब्रुवारी २००० मध्ये ॲलन मायकल यांना पायउतार व्हावे लागले. वेल्सची नवी विधानसभा तेव्हा वर्षभराचीही झाली नव्हती.

निधीची कसोटी साधी होती. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला सर्वांत मोठा वाटा मिळे. पश्चिम वेल्स व खोऱ्यांचा प्रदेश आणि कॉर्नवॉल हे दोन्ही २००० पासून या वर्गात होते. २०१४–२०२० या कालखंडासाठी पहिल्याच्या वाट्याला सुमारे २०० कोटी युरो आले होते, तर कॉर्नवॉलच्या वाट्याला सिली बेटांसह ६० कोटींच्या आसपास. हा पैसा डोळ्यांना दिसे अशा रूपातही उभा राहिला. स्वॉन्झी विद्यापीठाचा समुद्रकाठचा नवा परिसर, कॉर्नवॉलमधील चिनी मातीच्या जुन्या खाणीत फुललेला ईडन प्रकल्प, पेनरिनचे विद्यापीठ संकुल आणि खेड्यापाड्यांत पोचलेली फायबर केबल ही त्याची उदाहरणे. याशिवाय फलकावर न दिसणारा भाग युरोपीय सामाजिक निधीचा होता. प्रशिक्षक, समुपदेशक, नोकरी गमावलेल्यांना नवे काम शिकवणारे कर्मचारी यांचे पगार त्यातून निघत. दोन्ही प्रदेशांनी सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूनेच मत दिले, वेल्सने ५२.५ टक्के आणि कॉर्नवॉलने ५६.५ टक्के. एब व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि त्या जागेच्या पुनर्वसनावर युरोपचा बराच पैसा खर्च झाला. ते गाव ज्या ब्लायनाय ग्वेंट परगण्यात येते तिथे हे प्रमाण ६२ टक्के होते.

सार्वमतानंतरचा घटनाक्रम तारखांसह पाहिला की शाश्वती कशी विरत गेली ते कळते. मतदानाच्या नऊ दिवस आधी बाहेर पडण्याच्या बाजूच्या मंत्र्यांनी एका खुल्या पत्रात आश्वासन दिले होते की २०२० पर्यंत प्रदेशांना, शेतकऱ्यांना आणि विद्यापीठांना मिळणारा पैसा मिळतच राहील. पण निकाल लागल्यावर अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांची पहिली हमी यायला १३ ऑगस्ट उजाडला, आणि तीही त्या वर्षाच्या शरद ऋतूतील आर्थिक निवेदनापूर्वी करार झालेल्या कामांपुरती होती. ऑक्टोबरमध्ये ती प्रत्यक्ष बाहेर पडण्याच्या दिवसापर्यंत वाढवली गेली. २०१४–२०२० चा संपूर्ण वाटा मिळेल, हे स्पष्ट व्हायला जुलै २०१८ उजाडले. बाहेर पडण्याचा दिवसही हलत राहिला. २९ मार्च २०१९, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. पर्यायी निधीचे वचन कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मे २०१७ च्या जाहीरनाम्यात ‘शेअर्ड प्रॉस्परिटी फंड’ या नावाने आले. त्यावर २०१८ अखेर जनतेची मते मागवली जाणार होती, ती मागवली गेलीच नाहीत. निधीचे तपशील बाहेर आले ते एप्रिल २०२२ मध्ये, वचनानंतर जवळजवळ पाच वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप असा की हमी दिली आणि पाळली, मग नुकसान कोणाचे झाले? मंजूर प्रकल्पांपैकी कोणाचा पैसा अडवला गेला नाही, हे मान्यच करायला हवे. माघार करारामुळे ब्रिटनला २०१४–२०२० चा कार्यक्रम त्याच्या नियमांप्रमाणे पूर्ण करता आला आणि खर्चाला २०२३ अखेरपर्यंत मुदत मिळाली. इतकेच नाही, वाटा युरोमध्ये ठरलेला असल्यामुळे पौंड घसरताच पौंडांमधली रक्कम वाढली. पण विकासकाम मंजुरीच्या दिवशी सुरू होत नाही. जमीन, आराखडा, परवानग्या, सोबतच्या हिश्श्याची तजवीज आणि निविदा यांत दोन-तीन वर्षे सहज जातात. २०१७ साली २०२१ नंतरच्या कामाची आखणी करू पाहणाऱ्या परगण्याला पुढे निधी असेल का, त्याची कसोटी काय असेल, अर्ज कार्डिफमधील वेल्स सरकारकडे करायचा की लंडनला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. हमीने हाती असलेल्या कामांना संरक्षण दिले, पण येऊ घातलेल्या कामांची तयारीच थांबली. न झालेल्या तयारीची नोंद कोणत्याच हिशेबात होत नाही, म्हणून हे नुकसान चर्चेत आले नाही.

नवा निधी आल्यावर ही मुदतीची अडचण कायमची झाली. मार्च २०२१ मध्ये ‘कम्युनिटी रिन्यूअल फंड’ नावाची २२ कोटी पौंडांची एक वर्षाची योजना जाहीर झाली. तिचे निकाल नोव्हेंबरमध्ये लागले आणि खर्चाची मुदत होती मार्चअखेर. ब्रिटनचेही सरकारी वर्ष ३१ मार्चलाच संपते. मुदत पुढे ढकलावी लागलीच. त्यानंतरच्या शेअर्ड प्रॉस्परिटी फंडात तीन वर्षांसाठी २६० कोटी पौंड होते. परगण्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यात आराखडे पाठवले, मंजुरी डिसेंबरमध्ये आली आणि पहिल्या वर्षाची रक्कम खर्चायला चार महिन्यांहून कमी काळ उरला. मार्चअखेर आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत काय चालते हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. जे लवकर खर्ची पडते तेच काम निवडले जाते. रस्त्याचे सुशोभीकरण, दुकानांच्या दर्शनी भागाला अनुदान, छोटे कार्यक्रम यांना प्राधान्य मिळते. सात वर्षांच्या चौकटीत ज्या खर्चाला अर्थ होता तो, म्हणजे विद्यापीठातील संशोधकांचा गट किंवा कुशल कामगार घडवणारी प्रशिक्षण साखळी, मागे पडतो. २०२३ मध्ये युरोपचा पैसा संपत आला तेव्हा वेल्सच्या विद्यापीठांनी संशोधनातील नोकऱ्यांबाबत जो इशारा दिला तो याच फटीबद्दल होता.

रकमेचाही वाद टाळता येत नाही. नव्या निधीत वेल्सला तीन वर्षांसाठी ५८.५ कोटी पौंड मिळाले. १०० कोटींहून अधिकची तूट आहे, असे वेल्स सरकारचे म्हणणे होते. लंडनचे उत्तर असे होते की युरोपच्या जुन्या कार्यक्रमाचे शेवटचे हप्ते २०२३ पर्यंत येतच आहेत, ते आणि नवा निधी एकत्र धरले की आधीची वार्षिक पातळी गाठली जाते. हे उत्तर वरवर तर्कशुद्ध वाटते, पण संघाच्या पद्धतीची जाण असलेल्याला ते पटणार नाही. तिथे एका कालखंडाचे शेवटचे हप्ते आणि पुढच्याचे पहिले हप्ते नेहमीच एकमेकांवर चढतात. जुन्या करारांची देणी चालू असतानाच नवे करार सुरू होतात, म्हणून खंड पडत नाही. जुनी देणी नव्या निधीच्या हिशेबात धरली की नवे करार करायला पैसा उरत नाही. शिवाय मिलन यांनी ज्या तत्त्वासाठी हप्ता अडवला होता, त्याचा अर्थखात्याकडून हिशेब मागणारे आता कोणी राहिले नाही. २०२० च्या अंतर्गत बाजारपेठ कायद्याने लंडनला वेल्स सरकारला वगळून थेट खर्च करण्याचे अधिकार दिले. ४८० कोटी पौंडांच्या ‘लेव्हलिंग अप फंडा’साठी तर परगण्यांना एकमेकांशी स्पर्धा करून अर्ज करावे लागले. गरिबीच्या कसोटीने मिळणारा वाटा आता चांगला अर्ज लिहिणाऱ्याला मिळू लागला.

दुसरा आक्षेप असा की ब्रिटन संघाला देई जास्त आणि घेई कमी, तेव्हा युरोपचा म्हणून येणारा पैसा मुळात ब्रिटनच्याच करदात्यांचा होता. हे खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. पैसा कोणाच्या खिशातून आला यापेक्षा कोणत्या नियमाने वाटला गेला हे घेणाऱ्या प्रदेशाला जास्त महत्त्वाचे असते. सरकार बदलले, अर्थमंत्री बदलला, निवडणूक आली तरी ७५ टक्क्यांची कसोटी बदलत नव्हती. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीस वर्षे निधी घेऊनही हे दोन प्रदेश त्या कसोटीच्या वर आले नाहीत, मग निधी निष्फळच ठरला की नाही? कागदपत्रांचा ससेमिरा, विखुरलेले छोटे प्रकल्प आणि पैसा संपताच बंद पडणारी केंद्रे या तक्रारींत तथ्य आहे. मात्र रक्कम लोकसंख्येशी ताडून पाहावी. पश्चिम वेल्स व खोऱ्यांत एकोणीस-वीस लाख लोक राहतात. २०० कोटी युरो सात वर्षांत वाटले तर दरडोई वर्षाला दीडशे युरोच्या आसपास येतात. कोळसा आणि पोलाद एका पिढीत गेलेल्या प्रदेशाचे उत्पन्न एवढ्याने सरासरीला भिडेल, ही अपेक्षाच अवाजवी होती. घसरण थांबवायला, माणसे टिकवायला आणि नवे हुन्नर शिकवायला तो उपयोगी होता. त्यात सुधारणा करायला हवी होती, शाश्वती काढून घ्यायला नको होती.

वेल्समधील पोर्ट टॅलबटचे उदाहरण या मुद्द्यावर जवळून प्रकाश टाकते. तिथला पोलाद कारखाना २००७ पासून टाटा स्टीलकडे आहे, म्हणून त्याचे भवितव्य मुंबईत ठरते. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने तिथल्या ७५० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. मार्चअखेर मुंबईच्या बैठकीनंतर ब्रिटनमधील संपूर्ण व्यवसाय विकण्याचाही विचार पुढे आला. त्या वेळी कामावरून कमी झालेल्यांना प्रशिक्षण देणारी ‘रिॲक्ट’ योजना वेल्समध्ये आधीपासून चालू होती, आणि तिच्या पैशात युरोपीय सामाजिक निधीचा भाग होता. दुसरा, याहून मोठा धक्का २०२४ मध्ये बसला. त्या वर्षी दोन्ही झोतभट्ट्या बंद झाल्या. तोपर्यंत सामाजिक निधीची मुदत संपली होती. ‘रिॲक्ट’ वेल्स सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पुढे चालवली हे खरे. पण प्रदेशासाठीची मदत १० कोटी पौंडांचा वेगळा निधी खास बनवून द्यावी लागली. त्यात ८ कोटी ब्रिटन सरकारचे आणि २ कोटी कंपनीचे. ज्या गावाचे नाव राष्ट्रीय बातम्यांत आहे त्याच्यासाठी असा निधी उभा राहू शकतो. कॉर्नवॉलमधल्या एखाद्या बंदराच्या गावात शंभर नोकऱ्या गेल्या तर तो उभा राहत नाही. नियमाने चालणारा निधी दोन्ही ठिकाणी सारखाच पोचला असता.

अनिश्चितता टाळता येण्याजोगी होती, याचा पुरावा उत्तर आयर्लंडमध्ये मिळतो. तिथे १९९५ पासून चाललेला ‘पीस’ कार्यक्रम कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांना जोडणाऱ्या कामांना पैसा देतो. मे २०१८ मध्ये, ब्रिटन कोणत्या अटींवर बाहेर पडणार हे ठरायच्या आधीच, युरोपीय आयोगाने तो २०२१–२०२७ मध्ये चालू ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. संघ, ब्रिटन आणि आयर्लंड यांनी मिळून ‘पीसप्लस’ या नावाने सुमारे ११० कोटी युरो उभे केले. म्हणजे राजकीय इच्छा होती तिथे बाहेर पडूनही सात वर्षांची चौकट राखता आली. त्याच उत्तर आयर्लंडमध्ये सामाजिक निधीला मात्र असे संरक्षण नव्हते. तो ३१ मार्च २०२३ ला संपला. त्याच्या जागी येणाऱ्या पैशाचे वाटप त्या तारखेच्या तोंडावर जाहीर झाले. अपंग, बेरोजगार आणि शाळा सोडलेल्या तरुणांसोबत काम करणाऱ्या संस्थांपैकी कितीतरींना आपल्या कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याची पूर्वसूचना त्याआधीच द्यावी लागली. शेअर्ड प्रॉस्परिटी फंडाची तीन वर्षे मार्च २०२५ मध्ये सरली. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याला ९० कोटी पौंडांची मुदतवाढ मिळाली, ती एका वर्षापुरती.