गो-अराउंड

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून बंगळुरूला जाताना आमचं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं. चाकं बाहेर आली होती, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ओळखू येत होत्या, आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढला. पाठ सीटला चिकटली. शेजारच्या काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. थोड्या वेळाने वैमानिकाचा आवाज आला, की पुढचं विमान अजून रनवेवरून बाहेर पडलेलं नाही, म्हणून आपण आणखी एक फेरी मारतोय. त्याच्या आवाजात चक्क कंटाळा होता.

उतरताना मागून एकजण म्हणाला, "पायलट कच्चा दिसतोय." मी काही बोललो नाही. पण डोक्यात बंगळुरूचंच एक दुसरं विमान आलं.

उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जाणं, याला वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. त्यात नामुष्की काही नाही, उतरतानाच त्याची तयारी ठेवलेली असते. अट एकच, निर्णय वेळेत व्हायला हवा. कारण जेट इंजिन सुस्त फिरत असेल, तर त्याला पूर्ण जोर यायला काही सेकंद लागतात. तुम्ही कितीही घाईत असलात तरी ते सेकंद कमी होत नाहीत.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान मुंबईहून तेव्हाच्या बंगलोरला निघालं. आत १४६ माणसं. दुपारची वेळ, स्वच्छ हवा, समोर एचएएलचा रनवे. विमान एअरबस ए३२०. ही विमानं इंडियन एअरलाइन्सकडे आदल्याच वर्षी आली होती. कॉकपिटमधे दोन कॅप्टन होते, एक विमान चालवणारा आणि दुसरा त्याची परीक्षा घेणारा. दोघांकडेही एकूण नऊ-दहा हजार तासांच्या उड्डाणांचा अनुभव होता. ए३२०वर मात्र एकाचे तास शंभराच्या आत, तर दुसऱ्याचे अडीचशेच्या आसपास. त्यांची नावं अहवालात आहेत. मी ती मुद्दाम लिहीत नाही, कारण ही गोष्ट त्या दोघांपुरती नाही.

चौकशीत जे चित्र उभं राहिलं, ते थोडक्यात असं. शेवटच्या टप्प्यात विमानाने मिनिटाला ७०० फूट या वेगाने खाली यावं, असं ठरलं. त्यासाठी फिरवायची खुंटी वेगळी आणि उंची ठरवायची खुंटी वेगळी, पण दोन्ही शेजारी शेजारी. बहुधा चुकीची खुंटी फिरली, आणि विमानाला हुकूम मिळाला, '७०० फूट उंचीवर जा'. बंगळुरू समुद्रसपाटीपासून जवळपास ३००० फुटांवर आहे. म्हणजे हा हुकूम जमिनीच्या खूप खाली जाण्याचा होता. विमानाने तो इमानदारीत पाळला. इंजिनं सुस्त केली आणि ते उतरत राहिलं.

हे शेवटच्या मिनिटात त्यांच्या लक्षात येत होतं. विमान सुस्त इंजिनांवर उतरतंय, असं परीक्षक बोललाही. मग फ्लाइट डायरेक्टर नावाच्या यंत्रणेचा विषय निघाला. ती दोन्ही बाजूंनी बंद केली असती, तर इंजिनांनी आपोआप वेग सावरला असता. एका बाजूची बंद झाली, दुसरी चालू राहिली. यंत्राचा आवाज उंची मोजत होता, चारशे, तीनशे, दोनशे. वेग घटत होता. अखेर थ्रॉटल पुढे ढकलले गेले, पण तोवर जमीन हाताशी आली होती. इंजिनं जोर धरत असतानाच विमान रनवेच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुन्हा आदळलं, बांधावर धडकलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली.

आता प्रश्न असा, की इतक्या मुरलेल्या दोन माणसांना इंजिनं सुस्त असल्याचं वेळेत कसं जाणवलं नाही?

माझ्या मते उत्तराचा एक मोठा भाग हातात आहे. आधीच्या विमानांमधे इंजिनाचा जोर कमी झाला की थ्रॉटलही मागे येत असे, मग तो माणसाने ओढलेला असो वा यंत्राने. तळहाताला ते कळायचं. ए३२०मधे इंजिनांचा जोर यंत्र सांभाळत असलं, की थ्रॉटल एकाच खाचेत राहतात, जोर कितीही बदलो. खरी स्थिती पडद्यावर अक्षरांत लिहिलेली असते. वीस वर्षं हाताने वाचलेली गोष्ट आता डोळ्यांनी वाचायची होती.

त्याआधी, २६ जून १९८८ला फ्रान्समधे हाब्साइमच्या प्रदर्शनात एअर फ्रान्सचं ए३२० खूप खालून, सुस्त इंजिनांवर उडालं आणि जोर येईपर्यंत झाडांत घुसलं. तिथे तिघांचा जीव गेला. २६ एप्रिल १९९४ला जपानमधे नागोयाला उलटं घडलं. चायना एअरलाइन्सच्या ए३००मधे उतरताना गो-अराउंडची कळ चुकून दाबली गेली. वैमानिक विमान खाली दाबत होता, यंत्र ते वर नेत होतं. २६४ माणसं गेली. तिन्ही घटना वेगळ्या, पण बंगळुरू आणि नागोयात यंत्राने काय मनावर घेतलंय, हेच माणसाला वेळेत उमगलं नाही.

बंगळुरूच्या अपघाताची चौकशी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी केली आणि ठपका मुख्यतः वैमानिकांवर आला. वैमानिकांच्या बाजूने विमानाच्या रचनेकडे बोट दाखवलं गेलं. सरकारने इंडियन एअरलाइन्सची ए३२० विमानं काही महिने जमिनीवर ठेवली. मला यात एकच बाजू घेता येत नाही. समोरचा पडदा वाचणं हे वैमानिकाचं काम होतं, हे खरं. आणि मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या खात्यावर टाकणं सोपं असतं, हेही खरं.

ए३२० आज जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या विमानांपैकी आहे. तुम्ही कदाचित मागच्याच महिन्यात त्यातून घरी गेला असाल. आता विमान कंपन्यांचे नियम सांगतात, की ठरावीक उंचीपर्यंत वेग, उतार आणि इंजिनांचा जोर जागेवर नसेल, तर चर्चा न करता वर जा. का गेलास म्हणून वैमानिकाला शिक्षा नाही. १९९०च्या त्या दुपारी हा नियम पाळला गेला असता, तर प्रवासी दहा मिनिटं उशिरा उतरले असते आणि थोडे कुरकुरले असते.

त्या कच्च्या पायलटबद्दल बोलणाऱ्या माणसाला मी हे सांगायला हवं होतं. निदान काकूंना तरी.