साँडर्स खून खटला : न्याय की घाई?

राजगुरू खेडचा. तो आपला मराठी माणूस म्हणून १७ डिसेंबर १९२८ची लाहोरची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते. लाला लजपतराय लाठीमारानंतर वारले, त्याचा सूड म्हणून पोलीस अधीक्षक स्कॉटला मारायचे ठरले. खूण करणारा जयगोपाल चुकला आणि गोळ्या बसल्या त्या साँडर्स या तरुण साहाय्यक अधीक्षकाला. पहिली गोळी राजगुरूची. पाठलाग करणारा हवालदार चनन सिंगही मारला गेला. त्या बिचाऱ्याचे नाव कुणी घेत नाही.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा खटला मात्र आपण एका वाक्यात उरकतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

जुलै १९२९मध्ये मॅजिस्ट्रेटपुढे काम सुरू झाले. आरोपी उपोषणाला बसले. ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबरला जतीन दास गेला. उपोषणाने आजारी आरोपी कोर्टात येईनात, म्हणून त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवायचे विधेयक सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत बॅरिस्टर जीना होते, हे आज किती जणांना पटेल? विधेयक बारगळले. पण जे कायदेमंडळाने दिले नाही ते व्हाइसरॉयने १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून घेतले. तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ, आरोपी नसले तरी काम चालू, हायकोर्टात अपील नाही. वटहुकमाचे आयुष्य सहा महिने, म्हणजे निकालालाही तीच मुदत!

१२ मे रोजी भर कोर्टात आरोपींना पोलिसांनी बडवले. न्या. आगा हैदर यांनी तिथल्या तिथे नोंदवले, या हुकमाशी माझा संबंध नाही. जूनमध्ये न्यायमंडळ नव्याने नेमले गेले, त्यात ते नव्हते. आरोपींनी कोर्टात येणेच सोडले. सरकारी साक्षीदार ४५७. बहुतेकांची उलटतपासणीच झाली नाही. जयगोपाल तर माफीचा साक्षीदार झाला होता. ७ ऑक्टोबरला तिघांना फाशी, सात जणांना जन्मठेप.

खून त्यांनीच केला, यात मला शंका नाही. पण तो शाबीत कसा केला, हा वेगळा प्रश्न. फेब्रुवारी १९३१मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, आणीबाणी आहे की नाही हे व्हाइसरॉयनेच ठरवायचे. आपल्या गोव्यातही १९४६मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना नेहमीचे कोर्ट मिळाले नाही. लष्करी न्यायमंडळाने आठ वर्षे ठोठावून त्यांना पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडले.

लाहोरच्या तिघांना २३ मार्च १९३१च्या संध्याकाळीच फाशी दिली. फाशी पहाटे द्यायची, हा रिवाजही मोडला.