सोबत्याचें सुतक

गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझी भाची आणि तिचे चार सोबती आमच्या दिवाणखान्यांतील मोठें टेबल रोज दुपारीं अडवून बसत. टेबलावर नकाशा, चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे फासे, बोटभर उंचीच्या बाहुल्या आणि एक जाडजूड इंग्रजी नियमग्रंथ. खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. यांत एक गडी सूत्रधार होऊन काल्पनिक राज्यांतील प्रसंग वर्णन करतो. बाकीचे आपापलें पात्र घेऊन त्या प्रसंगास तोंड देतात. आणि शंकेच्या जागीं फासा निकाल देतो. भाचीचें पात्र 'रेंजर' वर्गाचें, म्हणजे रानवाटा जाणणारी तिरंदाज, आणि तिच्या सोबतीस एक लांडगा. एके दिवशीं तो लांडगा मारला गेला. ती गप्प झालेली पाहून शेजारच्या मुलानें नियम काढून दाखविला : तासाच्या आंत त्यास हात लावून थोडी मंत्रशक्ति खर्ची घातली, कीं मिनिटभरांत तो धडधाकट उठून उभा राहतो. "मग तो मेला तरी कशाला?" ती म्हणाली.

मुलें पुढें खेळूं लागलीं. मला मात्र तो प्रश्न सोडीना. इतिहास शिकविणाऱ्या माणसास जुने कागद चाळण्याची खोड असतेच. मीं या खेळाचे मागचे नियमग्रंथ मिळवून वाचले, आणि त्यांत पन्नास वर्षांचा एक चमत्कारिक क्रम दृष्टीस पडला.

युद्धाचे पट मांडून खेळण्याची परंपरा युरोपांत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यांत राइसविट्स याचा युद्धखेळ 1824 सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वंशावळींत, अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानच्या लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं रचलेला हा खेळ 1974 सालीं तीन पुस्तिकांच्या रूपानें बाहेर पडला. वर्ग तीनच : योद्धा, मांत्रिक, धर्मोपदेशक. जनावर होतें तें बाजारांतलें. घोडा किंवा खेचर पैसे मोजून विकत घ्यावयाचें. एखाद्या वर्गाचें म्हणून खास जनावर आलें तें पुढच्या वर्षीं, 'पॅलाडिन' या धर्मवीराच्या घोड्याबरोबर.

पॅलाडिन हे मूळचे शार्लमेन बादशहाच्या कथाचक्रांतील वीर. आणि त्या कथांत घोड्यास वीराइतकाच मान. 1978 च्या नियमग्रंथांत या घोड्याविषयीं एक अट आहे, ती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. पॅलाडिनानें असा घोडा दहा वर्षांतून एकदांच मागावा! पुढील वर्षींच्या सूत्रधाराच्या ग्रंथांत तर घोडा आपण होऊन दारांत येत नाहीं. तो कोठें आहे याचें दर्शन वीरास घडतें, आणि तेथवर प्रवास करून त्यास मिळवावें लागतें. असा घोडा पडला तर उरलेला खेळ बहुधा पायींच.

मांत्रिकाचें जनावर याहून निराळ्या कुळांतलें. इंग्लंडांत 1604 च्या कायद्यान्वयें दुष्ट पिशाचास जवळ बाळगणें व खाऊं घालणें हा गुन्हा होता. 1647 सालीं मॅथ्यू हॉपकिन्स नांवाच्या चेटकीण-शोधकानें जी पुस्तिका छापली, तिच्या मुखचित्रांत अशीं कित्येक जनावरें नांवानिशीं दाखविलीं आहेत. एखाद्या निराधार म्हातारीनें मांजर पाळलें, तर तेंच मांजर तिच्याविरुद्ध पुरावा! जनावराचा लळा असणें हेंच ज्या काळीं संशयाचें कारण होतें, त्या काळचें हें भूत 1978 च्या ग्रंथांत मांत्रिकाचा घरगुती मित्र होऊन आलें : काळें मांजर, कावळा, ससाणा, घुबड, बेडूक, मुंगूसासारखा वीझल, कोणतें मिळेल तें फाशाच्या हातीं. आणि तें मेलें तर त्याच्या प्राणबळाच्या दुप्पट बळ मांत्रिकाच्या अंगांतून कायमचें नाहींसें होई. येथें जनावराचा मृत्यु धन्याच्या देहांत उतरत असे.

पुढें काय झालें तें आंकड्यांनींच सांगतों. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तींत पॅलाडिनाचा घोडा किंवा मांत्रिकाचें जनावर गेलें, तर दुसरें मिळावयास एक वर्ष आणि एक दिवस. ही मुदत इंग्रजी कायद्यांतील व लोककथांतील जुनी. 2003 च्या सुधारणेंत घोड्यासाठीं तीस दिवस पुरे झाले. निसर्गपूजक 'ड्रुइड' वर्गाचा सोबती गेला, तर चोवीस तासांची प्रार्थना. 2014 च्या पांचव्या आवृत्तींत रेंजरास नव्या जनावराशीं बंध जोडण्यास आठ तास, पॅलाडिनाचा घोडा दहा मिनिटांच्या मंत्रानें परत. 2024 च्या ग्रंथांत रेंजराचा सोबती एका मिनिटांत उठतो. दहा वर्षांचें सुतक मिनिटावर आलें!

यावरून नियमकार निष्ठुर झाले, असा निकाल देण्याचा मोह होतो. पण तो न्याय नव्हे. त्यांची अडचण खरी होती. घोडा हें पॅलाडिनाचें भूषण होतें. पण ज्या वर्गाचें निम्में सामर्थ्यच जनावरांत ठेवलें, त्याचें जनावर गेलें कीं तो गडी बाकीच्यांच्या पंक्तीस अर्ध्या ताटावर बसतो. बरें, जनावर बळकट करावें तर दुसरीच तक्रार. 2003 च्या नियमांत ड्रुइडाचें अस्वल शेजारच्या योद्ध्याच्या तोडीचें लढे आणि ड्रुइड मंत्र म्हणण्यास मोकळा. एका गड्याच्या दोन खेळी आणि दुसऱ्यानें जांभया देत बसावें! उलट त्याच ग्रंथांत रेंजराचा सोबती अर्ध्या योग्यतेचा. 2014 सालीं तर रेंजरानें स्वतःचा वार सोडावा तेव्हां लांडग्यानें चावावें, असा हिशेब होता, आणि त्यावर खेळणाऱ्यांनीं फार कुरकुर केली. या पेचांतून नेटका मार्ग काढला तो, माझ्या मतें, 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाच्या 2019 च्या आवृत्तीनें : गड्यास एका पाळींत तीन हालचाली; त्यांतली एक त्यानें आज्ञेसाठीं खर्चावी, म्हणजे जनावरास दोन मिळतात. आज्ञा देण्यास कांहीं मोल पडावें, पण धनी पांगळा होऊं नये.

शिवाय जुना कडक नियमही दिसतो तितका मायाळू नव्हता. मांजराच्या मरणानें आपलें बळ कायमचें जाणार असेल, तर शहाणा मांत्रिक तें मांजर साहसावर नेईलच कशाला? घरीं बंदोबस्तांत ठेवील आणि विसरेल. ज्याची किंमत फार, तें वापरांतून जातें. एवढें मान्य करूनही एक गोष्ट मला खटकते. 2020 च्या पुरवणी ग्रंथापासून रेंजराचा सोबती हा भूचर, जलचर किंवा खेचर अशा तीन सांच्यांतला असतो. लांडगा म्हणा, वाघ म्हणा, अस्वल म्हणा. भूचर असला कीं आंकडे तेच. रात्रभर विश्रांति घेतली कीं सकाळीं निराळ्या सांच्यांतला बोलावतां येतो. मृत्यूची मुदत कमी केली याचें मला तितकें वाटत नाहीं. पण हाच लांडगा, दुसरा नव्हे, असें म्हणावयास नियमांत जागा उरली नाहीं. ती जागा आतां खेळणाऱ्यानेंच आपल्या पदरची भरावयाची.

भाचीला मीं हा सगळा इतिहास दुसऱ्या दिवशीं जेवतांना सांगितला. दहा वर्षांची अट ऐकून ती हंसली, म्हणाली, "तोंवर आमचीं लग्नें होतील, मामा." दुपारीं मुलें जमलीं. सूत्रधारानें सौम्यपणें विचारलें, मंत्रशक्ति खर्च करणार ना? तिनें नाहीं म्हटलें. मुलांनीं समजूत घातली, थोडें रागावलीं, कारण पुढची लढाई अवघड होती आणि त्यांना लांडग्याची गरज होती. तिनें आपल्या कागदावर लांडग्याच्या नांवावर एक आडवी रेघ ओढली, त्याची बाहुली उचलून खिडकींत ठेविली, आणि बाणांची संख्या मोजून खेळावयास बसली. ती लढाई तीं हरलीं. पुढच्या आठवड्यांत सुटी संपली. बाहुली अजून खिडकींत आहे.