पुढारीपण शिकविता येते काय?
वऱ्हाडातील विद्यार्थ्यांच्या घडणीचा एक मागोवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी ह्या वर्षी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेला. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तेव्हा विद्यापीठाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर एवढेच, की ज्यांची बोटे धरून आम्ही मुळाक्षरे गिरवून घेतली, ती मुले पुढे त्या पायऱ्या चढली. आणि ती तेथून काय घेऊन आली व काय न घेता आली, हे आम्ही गावात बसून पाहिले आहे.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. मागे एका गुणगौरव मेळाव्यात, सत्कार अर्ध्यावर असतानाच अवकाळी पावसाने आम्हांस गाठले. मंडप एका बाजूने खाली आला. व्यासपीठावरील आम्ही वडीलधारी मंडळी ध्वनिक्षेपकावरून ‘शांत राहा, शांत राहा’ एवढेच ओरडत राहिलो. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलीने चार मुलांस हाताशी धरले, म्हाताऱ्यांना व लेकुरवाळ्यांना आधी शाळेच्या ओसरीत नेले, विजेची जोडणी बंद करविली आणि स्वयंपाकाची भांडी झाकून घेतली. त्या मुलीचे नाव सत्काराच्या यादीत नव्हते. तिचे गुण बेताचेच होते. आम्ही तिला विचारले, “बाई, हे तू कोठे शिकलीस?” ती म्हणाली, “कॉलेजच्या शिबिरात, गुरुजी.” त्या एका उत्तराने आम्हांस ह्या इतिहासाच्या मागे लाविले.

आरंभीचे दिवस

विद्यार्थ्यांनी आपण होऊन समाजकार्याची धुरा घ्यावी, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात विद्यापीठाहूनही जुनी आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. परंतु त्यापूर्वी नऊ वर्षे, म्हणजे १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या अग्रणींपैकी एक. ह्या सभेत निबंध वाचले जात व त्यांवर वाद होत. पण केवळ वादावर न थांबता १८४९ साली ह्या तरुणांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि फावल्या वेळात त्या स्वतः चालविल्या. ज्यांना पुढे देशाचे नेते म्हणून जगाने ओळखले, त्यांनी नेतृत्वाचा पहिला धडा घरोघर जाऊन मुली मागण्यात गिरविला, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

आपल्या वऱ्हाडाची स्थिती मात्र निराळी होती. नागपुरास हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली व मॉरिस महाविद्यालय १८८५ साली निघाले. परंतु त्यांच्या परीक्षा प्रथम दूरच्या कलकत्ता विद्यापीठाच्या व नंतर अलाहाबादच्या. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ साली, आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. आपले वाशीम त्या काळी ‘बासीम’ म्हणून लिहिले जाई. बासीम, मंगरूळ व पुसद असे तीन तालुके असलेला हा जिल्हा १९०५ साली मोडला गेला आणि आपला मुलूख अकोल्याच्या पदराला बांधला गेला. वाशीमच्या मुलाने आधी अकोल्यास जावे व तेथून गाडी धरावी. कारंजाच्या मुलाने ‘शकुंतले’च्या चिमुकल्या डब्यातून मूर्तिजापूर गाठावे, असा तो विद्येचा मार्ग होता. ज्याच्या घरी चार बैलांची शेती, त्याचेच पोर हा मार्ग चालू शके.

वसतिगृहाची शाळा

म्हणूनच ह्या इतिहासात वसतिगृहांचे स्थान मोठे आहे. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, हे सर्वश्रुत आहे. आपल्या भागात डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून परत आला आणि त्याने सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांनी वऱ्हाडभर शिक्षणाचे जाळे विणले.

येथे एक भेद सुज्ञ वाचकांनी ध्यानी घ्यावा. एका समाजाचे वसतिगृह आणि सर्व समाजांचे वसतिगृह, दोन्ही आपापल्या काळी उपयोगी पडली. पहिल्याने मागे राहिलेल्यास शहरात पाय ठेवण्यास जागा दिली. दुसऱ्याने त्यास परक्याबरोबर जेवण्यास, भांडण्यास व भांडण मिटविण्यास शिकविले. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने पहिल्याचे ऋण मानावे. परंतु पुढारी घडतो तो दुसऱ्याच्या अंगणात, हे विसरू नये. आपल्याच माणसांनी टाळ्या वाजविलेला पुढारी गावाच्या सभेत गेला की मुका होतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

स्वातंत्र्यानंतरची योजना

स्वराज्य आले तेव्हा विद्यार्थ्यांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. कालपर्यंत मोडण्याचे शौर्य होते; आता बांधण्याचे कौशल्य हवे होते. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना कायद्याने स्थापन झाली. डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ साली विद्यार्थ्यांच्या स्वेच्छा-समाजसेवेचा विचार मांडिला. १९५९ साली ह्या विषयावर समिती नेमली गेली. तिचे अध्यक्षपद आपल्या चिंतामणराव देशमुखांकडे होते. पुढे प्रा. सैयदैन ह्यांनी अन्य देशांत तरुणांकडून राष्ट्रसेवा कशी घेतली जाते, ह्याचा अभ्यास केला. आणि सक्ती न करता स्वेच्छेनेच हे कार्य व्हावे, असे मत पडले.

मध्यंतरी चिनी आक्रमणानंतर १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची करण्यात आली. परंतु १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. कवायतीने शिस्त येते, पण शिस्त म्हणजे सर्वस्वी नेतृत्व नव्हे. अखेरीस महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. आरंभी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. स्वयंसेवकाने वर्षास १२० तास, असे दोन वर्षे सेवाकार्य करावे व एक सात दिवसांचे निवासी शिबिर पुरे करावे, असा तिचा नेम रूढ झाला. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हे तिचे चिन्ह, आणि ‘मी नव्हे, तू’ असा भाव सांगणारे तिचे ब्रीद.

आम्ही १९७५ च्या सुमारास मॅट्रिक झालो. महाविद्यालयात जाण्याची हौस होती, पण घरचे दारिद्र्य आडवे आले. तेव्हा विद्यापीठ नागपुरास होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्येचे माहेर जवळ आले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. आज अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ व वाशीम ह्या पाच जिल्ह्यांची महाविद्यालये ह्या विद्यापीठाखाली आहेत. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथली आपली मुले आता घरची भाकर खाऊन पदवीधर होतात.

२००५ साली ह्या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. पुढारीपणाच्या शिक्षणास ह्याहून समर्पक नाव कोणते? शेंडगावी १८७६ साली जन्मलेले बाबा अक्षरशत्रू. पण गावात शिरताच आधी हाती खराटा घेत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. आधी झाडणे, मागून बोलणे, हा त्यांचा क्रम. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या विश्वस्तांच्या हाती सोपवून आपण मोकळे झाले. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेविला, तेव्हा मागे खाजगी मालमत्ता म्हणून काही नव्हते. आम्हां पदाधिकाऱ्यांनी हे चरित्र वर्षातून एकदा तरी आठवावे.

एक शिबिर

आमच्या नोकरीच्या काळात मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात असे शिबिर आमच्याच शाळेत उतरले होते. त्याची हकिगत येथे थोडी विस्ताराने देतो. कारण खरे शिक्षण कोठे घडते, ते तीत दिसते.

सुमारे पन्नास मुलेमुली होती. त्यांचे गट पाडलेले. प्रत्येक गटास एक प्रमुख, आणि कामे रोज फिरती. आज ज्या गटाने नाल्यावर पाट्या वाहिल्या, त्याने उद्या पन्नासांचा स्वयंपाक करावयाचा, परवा गावात फिरून शोषखड्ड्यांची पाहणी करावयाची. पहाटे प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत श्रमदान, दुपारी बौद्धिक, सायंकाळी गटचर्चा, रात्री गावकऱ्यांपुढे कार्यक्रम. आणि दररोज सकाळी कोणातरी एकाने उभे राहून आदल्या दिवसाचा अहवाल वाचावयाचा: काय ठरले, काय झाले, काय राहिले व का राहिले.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून नाल्यावर वनराई बंधारा घालण्याचे काम होते. पहिल्या गटाचा प्रमुख मोठा चटपटीत वक्ता. त्याने काठावर उभे राहून हुकूम सोडले आणि पोती एकावर एक रचविली. रात्रीतून पाण्याने मधली फळी वाहून नेली. दुसऱ्या दिवशी अहवाल वाचताना त्या मुलाचा कंठ दाटून आला. तेव्हा एका शेतमजुराचा अबोल मुलगा उठला व म्हणाला, “सांध्यावर सांधा येऊ देऊ नका; विटांसारखी पोती रचा, आणि दोन्ही काठांत हातभर खोदून बंधारा आत घाला.” त्या वक्त्या मुलाने सर्वांसमक्ष त्याच्या हाती काम दिले व स्वतः पोते उचलण्यास गेला. बंधारा टिकला. त्यांचे प्राध्यापक बाजूस उभे होते. ते मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या मते त्या सात दिवसांतील सर्वांत मोठे अध्यापन ते मौनच होय.

मतपेटी आणि गुणपत्रिका

ह्या इतिहासाची दुसरी बाजू विद्यार्थी परिषदेची. पूर्वी महाविद्यालयांत विद्यार्थी आपले प्रतिनिधी मतदानाने निवडीत. पुढे त्या निवडणुकांत पैसा, पक्ष व मारामाऱ्या शिरल्या. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीऐवजी वर्गात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास प्रतिनिधी नेमण्याची रीत आणिली. भांडणे थांबली, पण मते मागण्याची, हरण्याची व हरूनही हसतमुखाने काम करण्याची शाळाही बंद पडली. २००६ साली लिंगडोह समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचविले: उमेदवाराची हजेरी ७५ टक्के असावी, खर्च ५,००० रुपयांवर जाऊ नये, इत्यादी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. परंतु कायदा झाल्यावर पहिल्या काही वर्षांत त्या निवडणुका प्रत्यक्षात झाल्या नाहीत. त्याच कायद्याने विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळाची योजना केली आहे.

गुणपत्रिका पाहून पुढारी नेमणे सोपे असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कारण हा दोष कायद्याचाच नव्हे, आमचाही आहे. आम्ही आयुष्यभर वर्गनायक नेमिले ते पहिल्या क्रमांकाचे. एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने धीर करून विचारले होते, “गुरुजी, माझी पाळी कधी?” आम्ही त्यास म्हणालो, “आधी गणितात पास हो.” तो पुढे शाळा सोडून पुण्याकडे मजुरीस गेला. तो आज काय करतो, हे आम्हांस ठाऊक नाही. पण त्याचा प्रश्न मात्र आम्हांस विसरता येत नाही.

मंडळास विनंती

तात्पर्य, पुढारीपण शिकविता येते. पण ते भाषणाने नव्हे, जबाबदारी हाती दिल्याने येते, आणि चुकण्याची मोकळीक दिल्याने टिकते. आपल्या मंडळात काय चालते? वडिलांनी हार घ्यावे, तरुणांनी खुर्च्या उचलाव्या. मग वीस वर्षांनी ‘कार्यकर्ते मिळत नाहीत’ म्हणून आम्हीच हळहळावे!

आमची नम्र विनंती अशी, की पुढील गुणगौरव सोहळा सर्वस्वी महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती द्यावा. वर्गणी, पावत्या, जेवण, मंडप व शेवटचा हिशेब, सारे त्यांनीच पाहावे. आणि तो हिशेब त्यांनी सर्व सभेपुढे वाचावा. कार्यकारिणीत दोन जागा त्यांना द्याव्या, त्यांपैकी एक मुलीस. ज्यांनी सेवा योजनेची दोन वर्षे व शिबिर पुरे केले, त्यांचाही सत्कार नव्वद टक्के गुणवाल्यांच्या बरोबरीने व्हावा. आणि वर्षातून एक काम असे करावे, की ज्याचा लाभ आपल्या समाजापुरता न राहता साऱ्या गावास होईल. गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात मुले धाडावयाची आणि घरी मात्र आपल्याच अंगणापुरता खराटा फिरवावयाचा, हे शोभणार नाही.

सोहळ्यात त्या मुलांकडून चुका होतील. भाजी खारट होईल, पाहुण्याचे नाव चुकेल, हिशेबात दहा रुपये कमी भरतील. त्या वेळी आपण वडीलधाऱ्यांनी त्या प्राध्यापकांप्रमाणे काठावर मुकाट उभे राहावे. एवढे जमले, तर पुढच्या पावसात मंडप पडला तरी आपला समाज उघड्यावर पडणार नाही, असा आमचा विश्वास आहे. असो. लिहिण्यात काही न्यून राहिले असेल, तर ते एका मॅट्रिक झालेल्या मास्तराचे समजून वाचकांनी गोड मानून घ्यावे, ही प्रार्थना.